शुक्रवारची दानपेटी: इंडोनेशियातील इस्लामी बालवाडीतल्या मूल्यशिक्षणाचा एक प्रकरण अभ्यास

इंडोनेशियात चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दोन प्रकारच्या औपचारिक बालवाड्या आहेत. सर्वसाधारण बालवाड्या शिक्षण मंत्रालयाच्या देखरेखीखाली चालतात, तर ‘रौदातुल अतफाल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इस्लामी बालवाड्या धर्मव्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. २००३ च्या राष्ट्रीय शिक्षण कायद्याने, म्हणजे त्या वर्षीच्या कायदा क्रमांक २० ने, दोन्हींचा उल्लेख एकाच कलमात शेजारी शेजारी केला आहे. रौदातुल अतफाल बहुतांशी खासगी धर्मादाय संस्था चालवतात. शिक्षिकांचे मानधन बेताचे असते आणि इमारत अनेकदा मशिदीच्या आवारातच असते.

या बालवाड्यांत धार्मिक मूल्ये कशी शिकवली जातात याची चर्चा सहसा पाठ्यक्रमापासून सुरू होते आणि पाठ्यक्रमापाशीच संपते. येथे मात्र एकाच प्रसंगातून हा प्रश्न तपासायचा आहे. पुढे वर्णिलेली शाळा आणि प्रसंग प्रातिनिधिक आहेत. अशा शाळांचा दिनक्रम, नियम आणि वादाचे मुद्दे यांच्या आधारे अभ्यासासाठी ही मांडणी केली आहे. ती कोणत्याही एका शाळेची नोंद नव्हे. कायदे, मानके, धर्मवचने आणि संशोधन यांचे संदर्भ मात्र प्रत्यक्षातले आहेत.

वर्ग आणि त्याचा दिवस

शाळा मध्य जावातील एका लहान शहराच्या कडेला आहे. वर्ग ‘ब’ गटाचा, म्हणजे पाच ते सहा वर्षांच्या वीस-बावीस मुलांचा. सकाळी साडेसातच्या सुमारास मुले रांगेत उभी राहून शहादा (इस्लामवरील श्रद्धेची ग्वाही) आणि प्रतिज्ञा म्हणतात. वर्गात आल्यावर दुआ, म्हणजे प्रार्थना, होते, अल्लाहची नावे एका चालीत म्हटली जातात आणि मग फातिहा, नास, फलक, इखलास यांसारख्या छोट्या सुरांची, म्हणजे कुराणातल्या अध्यायांची, सामूहिक उजळणी होते. त्यानंतर एकेक मूल ‘इक्रो’ची पुस्तिका घेऊन बाईंसमोर बसते. योग्यकार्ता शहरातल्या कोतागेदे येथील असअद हुमाम यांनी तयार केलेली ही कुराण वाचायला शिकवणारी सहा पुस्तिकांची पद्धत इंडोनेशियाभर पसरली आहे. तिच्यात मूल अक्षरांची नावे घोकत बसत नाही, स्वरचिन्हासह अक्षर थेट वाचते, आणि कोणत्या पानापर्यंत वाचन झाले याची नोंद त्याच्या कार्डावर होते. मग खेळातून शिकण्याचा वेळ, हात धुणे, खाण्याआधीची दुआ, खाऊ आणि निरोपाचा सलाम. आठवड्यातून एकदा वुजू (नमाजआधी हात, तोंड, पाय धुणे) आणि नमाजचा सराव असतो, तर वर्षातून एकदा काबाच्या प्रतिकृतीभोवती फिरत मुले हजची तालीम करतात.

या दिनक्रमात लहान हदीसना, म्हणजे पैगंबरांच्या वचनांना, मोठे स्थान आहे. ‘रागावू नकोस’, ‘स्वच्छता हा ईमानचा (श्रद्धेचा) भाग आहे’, ‘आपल्या भावाकडे पाहून हसणे हाही सदका (दानधर्म) आहे’ अशी वचने मुले हातवाऱ्यांसह पाठ म्हणतात. पालकांनाही ती मुलांच्या तोंडून ऐकायला आवडतात, कारण शाळेत काहीतरी शिकवले जात आहे याची ती लगेच पटणारी खूण असते.

सरकारी अपेक्षा याहून व्यापक आहे. २०१४ च्या राष्ट्रीय मानकांनी बालविकासाची सहा क्षेत्रे ठरवली आणि त्यांत ‘धार्मिक व नैतिक मूल्ये’ हे क्षेत्र आरंभी ठेवले. चार ते पाच वर्षांच्या मुलाने आपला धर्म कोणता हे जाणावे, उपासनेच्या हालचालींचे योग्य क्रमाने अनुकरण करावे, दुआ म्हणावी, चांगले-वाईट वर्तन ओळखावे आणि सलाम करावा, अशी त्यांत अपेक्षा होती. पाच ते सहा वर्षांच्या मुलाकडून उपासना करणे, प्रामाणिक, मदतशील आणि विनयशील असणे, स्वतःची व परिसराची स्वच्छता राखणे, धार्मिक सण माहीत असणे आणि दुसऱ्याच्या धर्माचा आदर करणे अपेक्षित होते. या यादीतल्या काही गोष्टी पाहता क्षणी तपासता येतात. उरलेल्या, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाच्या, गोष्टींना प्रसंग यावा लागतो. प्रामाणिकपणा मुलाला म्हणून दाखवता येत नाही.

प्रसंग

दर शुक्रवारी या वर्गात इन्फाक, म्हणजे ऐच्छिक दान, गोळा केले जाई. मुले घरून पाचशे किंवा हजार रुपियाचे नाणे आणत. बाई हजेरीपटाच्या क्रमाने नाव पुकारत, मूल पुढे येऊन ‘बिस्मिल्लाह’ म्हणत नाणे पेटीत टाकी, वर्ग ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणून टाळ्या वाजवी आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे खूण होई. ज्याने काही आणले नसेल त्याला कोणी रागावत नसे. फक्त पुढचे नाव पुकारले जाई.

या वर्गातला एक मुलगा आजीकडे राहत होता. त्याची आई रोजंदारीवर पहाटेच कामाला जाई आणि शुक्रवारच्या नाण्याची आठवण त्या घरात नेहमी राहतेच असे नव्हते. सलग दोन शुक्रवार त्याच्या नावापुढची जागा कोरी राहिली. तिसऱ्या शुक्रवारी तो आनंदाने पुढे आला, त्याने हजार रुपियाचे नाणे टाकले आणि टाळ्या झाल्या. थोड्याच वेळात शेजारी बसणारी मुलगी रडू लागली, कारण तिच्या दप्तराच्या कप्प्यातले नाणे सापडत नव्हते. तिसऱ्या एका मुलाने आपण काय पाहिले ते सांगितले. मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि मग एवढेच म्हणाला, “मला पण पेटीत टाकायचं होतं.”

त्या दिवशी बाईंनी काय केले

वर्गाच्या बाईंनी सर्व मुलांना खेळायला बाहेर पाठवले आणि दोघांना थांबवून घेतले. त्यांनी दोघांसमोर पेटी उघडली, नाणे मुलाच्या हातात दिले आणि ते ज्याचे आहे त्याला परत करायला सांगितले. नाणे मुलीकडे गेल्यावर त्यांनी तिला सांगितले की ते आता तिचे आहे. ते पेटीत टाकायचे की ठेवून घ्यायचे हे तिने ठरवावे. तिने ते ठेवून घेतले आणि बाईंनी त्यावर काहीही म्हटले नाही. माझ्या दृष्टीने हा साऱ्या प्रकरणातला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. मुलीवर उदारपणाचे दडपण आणले असते, तर दान हे मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाहून करायचे असते एवढेच दोघे शिकले असते.

‘चोर’ हा शब्द वापरला गेला नाही आणि मुलाला वर्गासमोर माफी मागायला लावले नाही. याला कोवळ्या मनाविषयीची आधुनिक काळजी म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी परंपरेकडे पुन्हा पाहावे. झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि मनोरुग्ण शुद्धीवर येईपर्यंत त्यांच्या कृत्यांची नोंद करणारी लेखणी उचललेली असते, म्हणजे नोंद होत नाही, ही हदीस इस्लामी न्यायशास्त्राच्या मूळ आधारांपैकी आहे. मुलाला नमाजची आज्ञा करण्याचे वयही हदीसने सात सांगितले आहे. म्हणजे बालवाडीचा सगळा काळ धर्माच्या दृष्टीने कर्तव्यापूर्वीचा आहे. इथे सवय लावायची असते, हिशेब मागायचा नसतो. मुलांच्या संगोपनाविषयी लिहिताना मध्ययुगीन इस्लामी विचारवंत गझाली यांनी सांगितले आहे की मुलाकडून एखादी चूक एकदा घडली तर तिच्याकडे दुर्लक्ष करावे, त्याचे झाकलेले उघडे करू नये, विशेषतः ते स्वतः लपवू पाहत असेल तर. पुन्हा घडल्यास एकांतात समज द्यावी. बाई याच वाटेने गेल्या, फक्त त्यांनी दुर्लक्ष केले नाही. नाण्याची मालकी पूर्ववत करणे त्यांनी टाळले नाही, कारण ज्या मुलीचे नाणे गेले होते तिचाही त्या वर्गावर तितकाच हक्क होता.

अवैध मार्गाने मिळवलेल्या मालाचे दान अल्लाह स्वीकारत नाही, ही हदीस बाईंना ठाऊक होती. ती त्यांनी त्या मुलाला ऐकवली नाही. खरे वचन चुकीच्या क्षणी सांगितले तर पाच वर्षांच्या मुलाला त्यातून ‘अल्लाहने माझे घेतले नाही’ एवढेच ऐकू येते.

शिक्षिकांची बैठक

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मुख्याध्यापिकांची पहिली सूचना अशी होती की पुढचा आठवडा ‘प्रामाणिकपणा’ या विषयाला द्यावा आणि सत्य माणसाला सदाचाराकडे नेते ही हदीस पाठ करून घ्यावी. ही सूचना स्वाभाविक होती. अडचण आली की त्या अडचणीच्या नावाचा पाठ घ्यायचा, ही शाळांची सर्वत्र रीत आहे. वर्गाच्या बाईंचे उत्तर नेमके होते: ती हदीस त्या मुलाला आधीच पाठ आहे आणि तो ती इतरांपेक्षा स्पष्ट म्हणतो.

मग चर्चा पेटीकडे वळली. ‘अ’ गटाच्या ज्येष्ठ बाईंनी नाव पुकारण्याच्या पद्धतीचे समर्थन केले आणि त्यांचे समर्थन कच्चे नव्हते. कुराणातल्या सुरा बकराच्या २७१ व्या आयतीत (वचनात) उघडपणे केलेले दानही चांगलेच म्हटले आहे. एकाने दिलेले पाहून दुसरा देतो. लाजरे मूल पुढे येऊन ‘बिस्मिल्लाह’ म्हणते तेव्हा त्याची भीड मोडते. गझालीही मुलाच्या चांगल्या कृतीचे लोकांसमोर कौतुक करावे असेच सांगतात. यावर वर्गाच्या बाईंनी त्याच आयतीचा पुढचा भाग समोर ठेवला: गुपचूप गरिबांना द्याल तर ते तुमच्यासाठी अधिक चांगले.

बैठकीला खरी दिशा मिळाली ती ‘माऊन’ या सात आयतींच्या सुरेमुळे, जी मुले रोज सकाळी म्हणत होती. या सुरेत अनाथाला ढकलून देणाऱ्याची आणि गरिबाला जेवू घालण्याचा आग्रह न धरणाऱ्याची निंदा आहे आणि पुढे नमाजकडे दुर्लक्ष करणारे, लोकांना दाखवण्यासाठी वागणारे आणि साध्या वापरातल्या वस्तूही नाकारणारे यांना इशारा आहे. योग्यकार्तात या सुरेला एक खास इतिहास आहे. १९१२ मध्ये मुहम्मदिया संघटनेची स्थापना करणारे अहमद दहलान कौमान मोहल्ल्यात शिष्यांना हीच सुरा पुन्हा पुन्हा शिकवत राहिले. ती आम्हाला पाठ झाली आहे असे शिष्यांनी सांगितल्यावर त्यांनी विचारले की तुम्ही ती आचरणात आणली आहे का, आणि त्यांना गरीब व अनाथांच्या शोधात पाठवले, असे परंपरेने सांगितले जाते. मुहम्मदियाच्या महिला शाखेने, आइशियाने, १९१९ मध्ये त्याच शहरात सुरू केलेल्या बालवाडीतून पुढे ‘बुस्तानुल अतफाल’ या बालवाड्यांचे मोठे जाळे उभे राहिले. इंडोनेशियातील इस्लामी बालशिक्षणाच्या मुळाशीच पाठांतर आणि आचरण यांतला हा प्रश्न आहे, हे बैठकीतल्या साऱ्याजणींना माहीत होते. ही सुरा म्हटल्यानंतर तासाभरातच आपण टाळ्या वाजवून दान गोळा करतो, ही गोष्ट मात्र तोवर कोणी बोलून दाखवली नव्हती.

मुलगा काय शिकला होता

माझे मत असे की या मुलाला मूल्य शिकवण्यात शाळा अपुरी पडली नव्हती. तिने त्याला एक मूल्य अतिशय परिणामकारकपणे शिकवले होते. दर शुक्रवारची मांडणी सांगत होती की नाव पुकारले जाणे, पुढे जाणे आणि तक्त्यावर खूण होणे म्हणजे देणे. हे त्याने अचूक ओळखले आणि त्यासाठी जे लागते ते मिळवले. शिकवलेले शब्द आणि दिवसाची रचना एकमेकांविरुद्ध उभी राहिली, तर या वयाचे मूल रचनेवर विश्वास ठेवते. शब्द त्याला कळत नाहीत असे नाही. पण रचना त्याच्या शरीराला रोज काहीतरी करायला लावते.

बक्षिसांविषयीचे संशोधन याला पूरक आहे, पण ते जपून वापरायला हवे. लेपर, ग्रीन आणि निसबेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्र काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी ज्यांना प्रशस्तिपत्र देण्याचे आधी कबूल केले होते, ती पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ मध्ये दाखवले की वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल वस्तू दिल्यास नंतरची मदत घटते. तोंडी कौतुकाने मात्र तशी घट झाली नाही. म्हणून ज्येष्ठ बाईंची बाजू सरसकट खोडून काढता येत नाही. टाळ्या एकट्याने अपाय करत नाहीत. त्यांच्यासोबत क्रमाने पुकारलेले नाव, भिंतीवरचा तक्ता आणि कोरी जागा असेल, तर कौतुकाची तुलना होते, आणि त्या तुलनेत ज्याच्या घरी नाणे नाही ते मूल दर आठवड्याला हरते.

मुलाची बाजू गोड करून सांगणेही टाळायला हवे. त्याला द्यायचे होते आणि त्याला टाळ्याही हव्या होत्या; पाच वर्षांच्या मनात या दोन इच्छा वेगळ्या ठेवलेल्या नसतात. त्या वेगळ्या करणे हे शिक्षणाचे काम आहे आणि ते उपदेशाने होत नाही.

बदल

पेटी दाराजवळ, चपलांच्या मांडणीशेजारी हलवण्यात आली. ज्याला जेव्हा टाकायचे असेल तेव्हा त्याने टाकावे. नाव पुकारणे बंद झाले आणि तक्ता काढला गेला. रिकाम्या झालेल्या वेळात शुक्रवारी मुले गोल करून बसू लागली. यातली रचना बाईंनी फार विचाराने केली होती. आठवडाभरात आपण काय दिले हे मुलांनी सांगायचे नव्हते. आपल्याला कोणी काय दिले हे सांगायचे होते. कोणीतरी बुटाची नाडी बांधून दिली, कोणी वुजूच्या नळापाशी जागा दिली, कोणी वाटेतला खिळा उचलला. हसणे हा सदका आहे आणि वाटेतली अपायकारक वस्तू दूर करणे हाही सदका आहे, ही पाठ असलेली वचने आता घडलेल्या गोष्टींना जोडली जाऊ लागली. पाठांतराचे मोल मला येथे दिसते. आधीच तोंडात असलेले वचन प्रसंग येताच वापरायला मिळते. पण त्याला प्रसंगाशी जोडणारे मोठे माणूस लागते. वचन आपोआप तिथे पोहोचत नाही.

या पद्धतीतही एक खोट दिसली. काही मुलांचे नाव वर्तुळात वारंवार येई आणि काहींचे कधीच नाही. म्हणून बाई स्वतः आठवडाभर शांत मुलांकडे लक्ष ठेवू लागल्या आणि वर्तुळात शेवटी त्यांच्याबद्दल बोलू लागल्या. ज्या मुलाने नाणे घेतले होते तो खाऊनंतर न सांगता चटया गुंडाळतो, हे वर्गाला असेच कळले.

पैशाचे काय होते हे मुलांनी पाहावे, अशीही सूचना आली. जवळच्या गरजू घरी तांदूळ पोहोचवायला मुलांना न्यावे असे एका शिक्षिकेने सुचवले, पण असे घर वर्गातल्याच एखाद्या मुलाचे असू शकते हे लक्षात आल्यावर तो विचार सोडून देण्यात आला. दान देऊन नंतर उपकार बोलून दाखवण्याने आणि दुखावण्याने ते व्यर्थ होते, असे सुरा बकराच्या २६४ व्या आयतीत म्हटले आहे. शाळेच्या दारातच असे दुखावणे घडू देणे योग्य नव्हते. अखेर रक्कम पूर्वीप्रमाणे संस्थेमार्फत अनाथालयाला जात राहिली.

घरी निरोप गेल्यावर आई दुसऱ्या सकाळी कामाला उशीर करून आली. तिने रुमालात बांधलेली नाणी पुढे केली आणि मुलाला सर्वांसमोर ओरडू लागली. बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितले की ज्या मुलीचे नाणे होते तिला ते परत मिळाले आहे, बाब तिथेच संपली आहे आणि घरी ती पुन्हा काढू नये. नाणी त्यांनी घेतली नाहीत. आजीला पाणी भरताना तो मदत करतो असे आईच्या बोलण्यात आले, तेव्हा तेही सदकाच आहे असे त्याला घरी सांगा, एवढीच विनंती त्यांनी केली.

नोंदवहीत काय उतरले

मूल्यमापनाची पद्धत या प्रकरणात पूर्ण उघडी पडते. २०१४ च्या अभ्यासक्रमाच्या काळात रूढ असलेल्या श्रेणी चार: अजून विकसित नाही, विकसित होऊ लागले, अपेक्षेप्रमाणे विकसित, अतिशय चांगले विकसित. सुरा आणि दुआ यांच्या रकान्यांत या मुलाला सर्वोच्च श्रेणी होती. ‘प्रामाणिक वर्तन’ या रकान्यात वर्गातल्या सर्वच मुलांना ‘अपेक्षेप्रमाणे’ दिलेले होते, कारण अन्यथा म्हणण्यासारखा प्रसंग कोणाच्याच बाबतीत आला नव्हता. रकाना भरायचा असतो म्हणून तो भरला गेला होता.

त्याच पद्धतीत प्रसंगनोंद लिहिण्याचीही सोय आहे, आणि बाईंनी तिचा उपयोग केला. त्यांनी काय घडले, मुलगा काय म्हणाला आणि नाणे कसे परत गेले हे निष्कर्षाशिवाय लिहिले. चटयांची गोष्टही काही दिवसांनी त्याच पानावर उतरली. श्रेणी बदलावी का, यावर मुख्याध्यापिकांचे आणि त्यांचे मत जुळले नाही. एका चुकीवरून श्रेणी खाली आणणे बाईंना अन्यायाचे वाटत होते, तर घडूनही रकाना तसाच ठेवणे मुख्याध्यापिकांना नोंदीशी अप्रामाणिकपणाचे वाटत होते. शेवटी सत्रअखेरच्या अहवालात श्रेणी न बदलता एक वाक्य जोडले गेले: दुसऱ्याची वस्तू विचारून घेण्याची सवय लागत आहे, घरीही याकडे लक्ष द्यावे. मला बाईंचे म्हणणे अधिक पटते. २०२२ पासून आलेल्या नव्या अभ्यासक्रमाने सहा क्षेत्रांऐवजी तीन घटक ठेवले आणि त्यांत ‘धार्मिक मूल्ये व सदाचार’ हा घटक कायम राहिला. पण मांडणी बदलली तरी प्रसंग न पाहता रकाने भरण्याची सवय कोणत्याही नमुन्यात शिरू शकते.

शुक्रवारची जमा पूर्वीपेक्षा कमी झाली आणि संस्थेच्या खजिनदारांनी त्याची विचारणा केली. मुले घरी गेल्यावर दोन शिक्षिकांनी मिळून पैसे मोजावेत आणि महिन्याची एकूण रक्कम नावांशिवाय सूचनाफलकावर लावावी, यावर समझोता झाला. आपल्या मुलाचे पेटीपाशी काढलेले छायाचित्र आता मिळत नाही, अशी काही पालकांची तक्रार अजून आहे. ‘अ’ गटात नाव पुकारण्याची पद्धत चालूच आहे. जुलैच्या मध्यात नवे वर्ष सुरू होईल तेव्हा तिथली मुले टाळ्यांची सवय घेऊन ‘ब’ गटात येतील. म्हणून वर्गाच्या बाईंनी पहिल्या काही शुक्रवारी पेटी वर्गात ठेवायचीच नाही आणि सुरुवात फक्त वर्तुळाने करायची, असे ठरवले आहे. ज्येष्ठ बाईंनी त्या वर्तुळात एकदा येऊन बसायचे मान्य केले आहे.